दारावरचा चार

आमच्या घरात भाकरी मोजत नसत. सकाळी आई चुलीपुढे बसली की भाकरी थापल्याचा आवाज थेट दुकानापर्यंत जायचा, आणि अप्पा त्या आवाजावरून ओळखायचे की आज पीठ बारीक दळलंय की जाडं. टोपल्यात धुतलेलं फडकं, त्यावर एकावर एक भाकऱ्या, बाजूला येसराच्या आमटीचं पातेलं आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगदाण्याची चटणी. मी शाळेत जायला लागले, नवीनच आकडे शिकले, आणि त्या टोपल्याला बोट लावून एक, दोन, तीन म्हणायला लागले, तर आईने पिठाच्याच हाताने माझ्या बोटावर फटका मारला. "मोजू न्हाई गं. बरकत जाती," ती म्हणाली आणि पुन्हा परातीत वाकली. मला फटक्याचं काही वाटलं नाही, पण शाळेत ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळते तिच्यासाठी घरात मार बसतो, हे मात्र मनात खटकलं. आमच्या मनात एकदा काही खटकलं की ते तिथेच मुक्काम करतं.

कारण संशय हा आमच्या घराण्याचा गुण. पाटोद्याच्या बाजारगल्लीत अप्पांचं दुकान होतं: दोरखंड, कासरे, चाळण्या, बैलांच्या घागरमाळा, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या. अप्पा पहाटे आंघोळ करून कपाळाला भस्माचे तीन पट्टे ओढत, महादेवाला बेल वाहत आणि मग दिवसभर महादेव सोडून बाकी सगळ्यांवर संशय घेत. गिऱ्हाईक फार हसलं तर का हसलं, अजिबात हसलं नाही तर का हसलं नाही. घंट्या मोजून देताना ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की एकटेपण येतं, लाभ म्हटलं की बरोबर काहीतरी येतं, असं काहीसं त्यांचं म्हणणं. प्रत्येक घंटी कानाजवळ वाजवून बघायची आणि मगच मोजायची, त्यामुळे आमच्या घरात दिवसभर कळप शिरल्यासारखा आवाज असे.

मी सात-आठ वर्षांची असताना हिवतापवाले आले. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, हातात तेलरंगाचा डबा. घरोघर माणसं किती ते विचारायचे आणि दाराच्या चौकटीवर तो आकडा रंगवायचे, म्हणजे गोळ्या वाटायला सोपं. आई दारात उभी, मी तिचा पदर धरून मागे. "ह्ये, मी अन् दोन पोरं," आई म्हणाली. दोन पोरं म्हणजे मोठा महादेवदादा आणि धाकटा बसू. त्या माणसाने माझ्याकडे बोट करून विचारलं, "आणि ही?" आई म्हणाली, "ती असतीच की हितं." तो माणूस हसला, त्याला पुढचं घर गाठायचं होतं, त्याने चौकटीवर लाल रंगात ४ काढला आणि गेला. आम्ही पाच जण होतो.

तो चार पुढे कितीतरी वर्षं आमच्या दारावर होता. शाळेत जाताना दिसायचा, येताना दिसायचा. एकदा मी खडूने त्याचा पाच केला, तर दुसऱ्या दिवशी आईने ओल्या फडक्याने खडू पुसून त्याचा पुन्हा चार केला. मग मी लक्ष ठेवायला लागले. जत्रेला जाताना जीपवाल्याला आई सांगायची, "आमी चार." ताटं मांडताना चार मांडायची, सगळे बसले की म्हणायची, "अगं, तुझं ऱ्हायलंच," आणि मग मला जवळ ओढून आपल्याच ताटात घ्यायची. दादाला माझा संशय कळला तेव्हा त्याला ऊतच आला. "तुला बोहारणीकडून घेतलंय. अप्पाचं जुनं धोतर दिलं अन् तू आलीस. एक सूपबी मिळत हुतं, पण आईला तू बरी वाटलीस." मी रडले नाही. पण बोहारीण गल्लीत आली की तिच्या नाकाकडे आणि कानांकडे निरखून बघायचे, कुठे काही जुळतंय का.

हे सगळं आधी सांगायचं कारण, पुढे जे झालं ते या चाराशिवाय कळायचं नाही. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले, बीडच्या कॉलेजातून परत आले, आणि बी.एड.ला जायचं म्हटलं. तेव्हा गल्लीत नुकताच एसटीडीचा पिवळा बोर्ड लागला होता, दोन माळवदांवर डिशच्या थाळ्या उगवल्या होत्या, आणि चहाच्या टपरीवर रोज कोणीतरी छातीठोक सांगे की आता परदेशी कंपन्या येणार आणि सगळ्याची मोजदाद करून नेणार. अप्पांनी सांगितलं, "आधी हितं शिकवून दाव. अक्टोबरची पोरं पास झाली तर बीएडला धाडतो. न्हाई तर मी सांगंल त्या घरी जायचं." दहावीला नापास झालेल्यांची फेरपरीक्षा तेव्हा ऑक्टोबरात होई, आणि नापास होण्याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत एकच, गणित. शिकवायला मला दुकानामागची दोरखंडांची खोली मिळाली. ती दादाला हवी होती, त्याला तिथे एसटीडी बूथ टाकायचा होता. त्यामुळे दादा माझ्या वर्गात डोकावला की मला वाटे, हा खोलीची लांबी-रुंदी डोळ्याने मोजतोय.

सात जणं आली. त्यातली तिघं सांगण्यासारखी. अशोकचे वडील तहसीलमध्ये शिपाई होते, पोरगा तल्लख, पण कुठल्याही गणिताला आधी उलटा प्रश्न घालणारा. रेखा बांगडीवाल्यांची, घाबरट, उत्तर बरोबर आलं तरी खोडून टाकणारी. आणि काशिनाथ. काशिनाथ माझ्याहून मोठा होता, मिशी, डोक्याला पटका, घरी बायको आणि एक लेकरू. मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातला. तीनदा गणितात गेला होता. एसटीत कंडक्टरची भरती होती, दहावी पास लागायची, आणि वयाची अट बघता त्याची ही शेवटची संधी. अप्पांच्या दुकानात तो मेंढ्यांच्या घंट्या घ्यायला यायचा तेव्हा मला 'गिरजे' म्हणायचा, पण मागच्या खोलीत शिरला की 'बाई'. दारातून आत येताना चपलेबरोबर तो हे एक नातंही बाहेर काढून ठेवी.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की ही पोरं गणित सोडवत नाहीत, गणिताची चौकशी करतात. मी फळ्यावर लिहिलं, बारा माणसं एक विहीर आठ दिवसांत खोदतात, तर सहा माणसं किती दिवसांत खोदतील. अशोकने हात वर केला. "बाई, गुत्त्यानं का रोजानं?" मी म्हटलं, काय फरक पडतो? वर्गाने माझ्याकडे कणवेने पाहिलं. "रोजानं आसंल तर सोळा दिस. गुत्त्यानं आसंल तर काम उरकलं की पैशे, सहाजण धा दिसांत उरकतेत अन् घरी जातेत." मी म्हटलं, उत्तर सोळा आहे. "मग रोजानं हाय असं आधी लिवा की," अशोक म्हणाला आणि वहीत ते स्वतःच लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी बीजगणित. बापाचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट, दोघांच्या वयांची बेरीज अमुक, मुलाचं वय क्ष मानू. काशिनाथ फळ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "मानायचं कावून, बाई? इचारून घिऊ की त्याला." मी म्हटलं, तो खरा माणूस नाही. मग तर तो जास्तच सावध झाला. खोट्या माणसाचं वय काढण्यात बाईंचा काय हेतू असावा, ते त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

संशय एकतर्फी नव्हता. नफा-तोटा शिकवत होते त्या दिवशी दुकानात घंट्यांचा आवाज अचानक थांबला. वर्ग सुटल्यावर अप्पांनी मला बाजूला घेतलं. "दुकानदारानं घंटी कितीला घेतली अन् कितीला इकली, ह्ये पोरायला कावून सांगायलीस?" मी म्हटलं, अप्पा, ते पुस्तकातलं उदाहरण आहे. "पुस्तकात आपल्या दुकानाचं कुणी सांगिटलं?" ते म्हणाले. त्यांना वाटलं, दादाने. मला वाटलं, दादानेच अप्पांचे कान भरले. आईला काहीच वाटलं नाही, ती उडदाच्या घुट्याला फोडणी देत होती.

मग आली सांख्यिकी. त्या वेळच्या पेपरात सांख्यिकी म्हणजे हमखास गुण. वारंवारता सारणी, स्तंभालेख, ताळ्याच्या खुणा, सगळं हाताने करण्याजोगं. मी ठरवलं की आता खोटी माणसं बास, खरी माहिती घ्यायची. सगळ्यांना सांगितलं, उद्या घरून मोजून आणा: माणसं किती, जनावरं किती, सकाळच्या भाकऱ्या किती. मी ज्या घरात वाढले त्या घरात राहून मला हे सांगवलं कसं, हे आज विचारते तेव्हा एकच उत्तर येतं. बी.एस्सी. झाले होते, चुलीपुढचा तो पिठाच्या हाताचा फटका मी अडाणीपणात जमा केला होता.

दुसऱ्या दिवशी वह्या बघितल्या आणि माझं टाळकं सरकलं. भाकऱ्यांच्या रकान्यात रेखाने लिहिलं होतं, 'पुरल्या'. आणखी चौघांनीही तेच, 'पुरल्या'. कोंबड्यांपुढे एकाने लिहिलं होतं 'हायेत'. अशोकच्या घरी आठ माणसं असल्याचं मला पक्कं ठाऊक होतं, त्याच्या वहीत सात. मी विचारलं तर म्हणाला, "आईनं सातच सांगिटलं, बाई." माझी खात्री झाली की हे सगळे एकमेकांचं बघून लिहितात आणि वर माझी थट्टा करतात. पाचही जणांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग काशिनाथने वहीची चार पानं पुढे केली. त्यांवर एकही आकडा नव्हता. पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलं होतं: काळतोंडी, कानफाटी, थोरली लंगडी, धाकटी लंगडी, बोरीखाली व्यालेली, तिची लेक, सदा मागं ऱ्हानारी. आख्खा कळप. मी विचारलं, मोजल्या का नाहीत? "आमी मोजत न्हाई, बाई. वळखतो. सांजच्याला वाड्यात शिरताना कोन न्हाई ते कळतंच की."

मला ती यादी बघून आनंदच झाला, कारण आता मोजायला माझ्यासमोर खरी सामग्री होती. मी खडू घेतला आणि एकेक नाव मोठ्याने वाचत फळ्यावर ताळ्याच्या खुणा करायला लागले. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. चार उभ्या, पाचवी तिरपी. वर्ग इतका शांत कधीच नव्हता. भिंतीकडे तोंड केलेली पोरंसुद्धा मान वळवून बघत होती. दुकानातल्या घंट्याही थांबल्या होत्या. मला वाटलं, शेवटी एकदाचं मी यांना गणित दाखवलं. "त्र्याऐंशी," मी म्हटलं, फळ्यावर मोठा आकडा काढला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. काशिनाथने पानं घडी करून छातीच्या खिशात ठेवली आणि जाताना नेहमीसारखं 'येतो बाई' म्हणाला नाही.

पाच दिवसांनी परतीचा पाऊस झाला. पावसानंतर कोवळं गवत येतं, मेंढरं ते अधाशासारखी खातात, आणि लस टोचलेली नसली तर पोटं फुगून पटापट मरतात. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी हे अगदी असंच सांगितलं. काशिनाथच्या कळपातली नऊ मेंढरं दोन दिवसांत गेली. पण डॉक्टरांचं बोलणं त्या वाड्यापर्यंतच राहिलं आणि दुसरं बोलणं गावभर झालं: वाण्याच्या पोरीनं मेंढरं मोजली. मग जुळवाजुळव सुरू झाली. कोणाची कोंबडी मुंगसाने नेली, कोणाच्या भाकरीला बुरशी आली, सगळं माझ्या मोजण्याच्या खात्यात. टपरीवर ठरलं की मी सरकारसाठी माहिती गोळा करते आणि आता रेशनकार्डं कापली जाणार. कोणी म्हणालं, सरकार नव्हे, परदेशी कंपनी. रेखाची आई कासरा घ्यायच्या निमित्ताने दुकानात आली आणि कासऱ्याची गाठ तपासत अप्पांना म्हणाली, "आमची पोरगी घरी लागती वो आता." शनिवारी वर्गात दोघंच होती, अशोक आणि एक जण. काशिनाथ नव्हता. मेंढ्यावाल्यांपैकी कोणी घंटी घ्यायलाही आलं नव्हतं.

अप्पांनी जेवताना सांगितलं, "सोमवारपसून खोली मोकळी कर." दादा मान खाली घालून धपाटं मोडत होता, आणि मला पक्कं वाटलं की टपरीवरची कंपनीची गोष्ट याच्याच तोंडून निघाली. त्याला मी त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही कधी विचारलं नाही, आणि तो संशय अजूनही पुरता गेलेला नाही. पण तेव्हा मला दादापेक्षा काशिनाथचं जास्त लागलं होतं. परीक्षेला तीन आठवडे होते. माझं फार तर लग्न झालं असतं. त्याची वयाची अट संपली असती आणि तो जन्मभर मला दोष देत मेंढरामागे फिरला असता, आणि तो दोष खोटा आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नव्हतं. बी.एस्सी.चं मन म्हणत होतं की आकड्याने मेंढरू मरत नाही. पण त्र्याऐंशी म्हणताना त्या खोलीत जी शांतता झाली होती, ती त्याला पुसता येत नव्हती.

रविवारी दुपारी मी चपला घातल्या. अप्पांनी विचारलं, कुठं? मी सांगितलं. ते काही बोलायच्या आत आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. "मी जाती तिच्यासंगं," ती म्हणाली. आई म्हणजे डोंगराकडच्या गावातली, शेतकऱ्याघरची. एरवी दुकानाची पायरीही न उतरणारी बाई त्या दिवशी दोन मैल माझ्यापुढे भराभरा चालत होती, आणि मला कळत नव्हतं की ती मला सोबत करतेय की लक्ष ठेवायला आलीय.

डोंगराच्या पायथ्याला काशिनाथच्या घरच्यांचा वाडा होता. वाडा म्हणजे जाळीचं कुंपण, एक छप्पर, बाहेर दगडांची चूल. कुत्रं गुरगुरलं. चुलीपाशी काशिनाथची आई बसली होती, ठकूबाई, नाकात मोठी नथ, हात बाभळीच्या सालीसारखे. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. "आली का मोजणारी," ती म्हणाली. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगायला लागले, कोवळं गवत, लस, पोटफुगी. ती ऐकत होती की नाही कळेना. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "ते समदं खरं आसंल. पर मोजलंस कावून?" काशिनाथ छपरातून बाहेर आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. माझ्याकडे बघेना.

तेव्हा आई बोलली. तिने माझी बाजू घेतली नाही, लशीचं नाव काढलं नाही. चुलीपुढे सरळ मांडी घातली, चुलीतलं लाकूड जरा मागे सारलं आणि काशिनाथला विचारलं, "का रं, समदी लिवून दिलती का हिला? का एखादी ठिवलती?"

काशिनाथने पहिल्यांदा मान वर केली. "ठिवलती की," तो म्हणाला. "मी काय येडा हाय व्हय, मावशी? एक लिवलीच न्हाई."

ठकूबाई झटकन वळली. "कंची?"

"ते न्हाई सांगत."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं, मग कुंपणातल्या मेंढरांकडे, आणि तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. "मग पुरी मोज झालीच न्हाई," ती म्हणाली. "मग पावसानंच गेली ती." आणि काशिनाथवर ओरडली, "मुडद्या, आठ दिस तोंड शिवून बसलास व्हय?" काशिनाथ म्हणाला, "सांगिटलं की ती मोजीत धरल्यागत हुती. तुलाच तर सगळं ठावं हाय." मी मूर्खासारखं मधेच विचारलं, एक कशाला ठेवायची? ठकूबाईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, जशी मी फळ्यापाशी रेखाकडे बघायचे तशी. "ज्येला राखायचं आसतं, त्येला धरत न्हाईत, पोरी. नजर आकड्यावर पडती. आकड्याभाईर जे आसतं त्येला कोन नेतंय? जी लई जिवाची, ती भाईर ठिवायची. मंग समदी जगतेत." तिने हे 'दोन अधिक दोन चार' इतक्या सहज सांगितलं.

मी आईकडे पाहिलं. आई कुंपणाकडे बघत होती. एक कोकरू जाळीत तोंड खुपसत होतं, तिने हात लांब करून त्याचं तोंड सोडवलं. ठकूबाईने शेळीच्या दुधाचा चहा केला, पितळीत ओतून आमच्यापुढे सरकवला. मी तो प्याले की नाही आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे लाल रंगातला चार होता, जीपवाला होता, एक ताट कमी मांडलेली पंगत होती, आणि आईच्या ताटात माझ्या बाजूला सरकवलेला भाकरीचा चतकोर होता. इतकी वर्षं मी ते गणित सोडवत होते आणि उत्तर प्रत्येक वेळी उलटं काढत होते. परतीच्या वाटेवर आई पुन्हा पुढे आणि मी मागे. मला विचारायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण संशयी माणसाला उत्तराची फार भीती असते. समजा ती म्हणाली असती, "कसला चार गं? मला काय आठवतंय," तर? मी विचारलं नाही. वाटेत एका शेताच्या बांधावरून आईने घोळीची भाजी तेवढी खुडून घेतली.

सोमवारी सकाळी ठकूबाई स्वतः दुकानात आली. अप्पांकडून एक घंटी घेतली आणि अख्ख्या बाजारगल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तरीणबाईनं पुरी मोज केलीच न्हाई. उगं पोरीवर आळ घिऊ नगा." अप्पांनी खोलीचं नाव काढलं नाही, आणि दादाने पुढे बूथ टाकला तो गल्लीच्या तोंडाशी. सगळे परत आले, रेखासुद्धा. मी सारणी पुन्हा पहिल्यापासून शिकवली, या वेळी पुस्तकातल्या सायकलींवर. परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या मनात वेगळीच शंका आली. मी काशिनाथला बजावलं, पेपरात काही मोजायला आलं तर एक मागे ठेवायचं नाही, पूर्ण मोजायचं. तो मिशीत हसला. "बोर्डाची मेंढरं काय आपली हायेत व्हय, बाई? मोजतो की समदी." काठावर का होईना, सुटला. सातातली सहा सुटली. नापास झाला तो अशोक, कारण त्याने काम-काळाच्या गणिताखाली पेपरात लिहिलं होतं, 'काम गुत्त्याने दिले असल्यास', आणि दोन्ही उत्तरं दिली होती. मार्चात तोही सुटला. अप्पांनी सहा हा आकडा दोनदा तपासला आणि मला बी.एड.ला पाठवलं.

काशिनाथ मला नंतर एसटीतच भेटायचा. माणसं मोजत यायचा, ओठ हलायचे, आणि पहिल्या माणसाला 'लाभ' म्हणायचा हे मला ओठांवरून कळायचं. एकदा गाडी रिकामी होती तेव्हा मी विचारलं, त्या वेळची कोणती राहिली होती रे? तो म्हणाला, "आता तिची नात हाय कळपात. तरी सांगत न्हाई, बाई." मी पुढे शिक्षिका झाले, शिक्षकांना जनगणनेचं काम लागतं तसं मलाही लागलं. माझ्याबरोबरच्या बाया घरातल्यांनी सांगितलेला आकडा लिहून पुढच्या दाराला जात. मी मात्र आकडा ऐकल्यावर थोडी थांबायचे, पाणी मागायचे. बहुतेक घरांत पाणी घेऊन यायचं ते कोणीतरी राहिलेलंच असायचं. कागदावर मला त्याला धरावंच लागे, पण ते मी उंबऱ्याबाहेर जाऊन, घरच्यांना न दाखवता करायचे.

अप्पा गेले, दुकान गेलं, घराची चौकट काढून तिथे लोखंडी शटर आलं. गेल्या वर्षी आईला बीडला दवाखान्यात ठेवलं होतं. दादा खाली औषधं आणायला गेला होता, मी तिच्या उशाशी बसले होते, तिची चष्म्याची डबी माझ्या मांडीवर. एक तरुण सिस्टर फॉर्म घेऊन आली. नाव, गाव, वय विचारून झालं. मग जरा मोठ्याने, म्हाताऱ्या माणसांशी बोलतात तसं म्हणाली, "आजी, लेकरं किती तुम्हाला?"

"दोन," आई म्हणाली.

सिस्टरने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. "आणि या कोण?"

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिने चादरीवरून हात सरकवत माझं मनगट शोधलं आणि धरलं. "ती असतीच की हितं."

त्या पोरीच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची दया मला स्पष्ट दिसली. ती दोन खोडून तीन करायला निघाली होती.

"लिहा," मी म्हटलं, "दोनच लिहा."